कूलरसमोरची जागा

माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. तो आदर मी कधीही पुसून काढलेला नाही. खरं म्हणजे मी बिलांच्या टेबलावर होतो. कुणाचं रीडिंग चुकलं, कुणाला एकच बिल दोनदा गेलं, एवढ्यातलंच मला कळायचं. पण नातेवाइकांकडे पंखा कुरकुरला की फोन मला, मिक्सर जळला की फोन मला. मीही इकडून जड आवाजात "अर्थिंग पाहून घ्या" म्हणायचो. हे वाक्य कुठल्याही बिघाडाला चालतं. आमच्या स्वतःच्या घरातलं अर्थिंग मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते कुणी विचारलंही नव्हतं.

घरातला कॉम्प्युटर मुलीच्या शिक्षणासाठी मी सुटे भाग आणून जोडून घेतला होता. जोडणारा दुसराच होता, मी शेजारी उभा राहून मान हलवत होतो. तरी "मी बनवला" असंच सांगायचो. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली आणि तो कॉम्प्युटर बायकोच्या हाती आला. तिचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. माग कधीच बंद पडले, भाऊ दुसऱ्या कामांना लागले, पण लहानपणी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं साडीचे काठ उतरवून द्यायचं काम तिच्याकडे होतं, ते तिच्या बोटांतून गेलं नाही. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. आता त्याच चौकटी ती पडद्यावर भरू लागली. सुरुवातीला मी त्याला "टाइमपास" म्हणत होतो.

मग यंदा उन्हाळा लागता लागता लकडगंजच्या एका साड्यांच्या ठोक व्यापाऱ्यानं तिचे काठ पाहिले. त्यानं सांगितलं, एप्रिल संपायच्या आत काठांची एक अख्खी मालिका करून द्या; वेळेवर मिळाली तर वर्षभराचं काम तुमचं, नाही तर दुसऱ्या डिझाइनवाल्याशी आमचं बोलणं झालेलंच आहे. कागद नको, फाइल पाहिजे, कारण ती सरळ विणायच्या मशीनवर जाते. बायकोनं हे मला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं, निकाल सांगावा तसं. तिला आजवर तिच्या नावानं कुणी काम दिलं नव्हतं. मी म्हणालो, तू फक्त काम कर, कॉम्प्युटरची काळजी माझी. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून निघाला.

आता कूलरचं सांगतो. नागपुरात कुठल्या घरात कुणाचा मान किती, हे उन्हाळ्यात विचारावं लागत नाही. कूलरच्या थेट झोतात कोण बसलं आहे ते पाहायचं. मे महिन्यात जावई आले की त्यांची खाट तिथे. जावई नसले की घरचा कर्ता पुरुष. बाकीच्यांनी कडेकडेनं मिळेल ती हवा घ्यायची. आमच्या हॉलच्या खिडकीत कूलर, आणि त्याच्या नेमक्या समोर मी कॉम्प्युटरचं टेबल लावलं होतं; जावई आले की तेवढे दिवस ते सरकवून खाट टाकायची. कॅबिनेट टेबलावर, कूलरच्या बाजूला, अगदी जाळीला पाठ भिडवून. मशीन गरम होऊ नये म्हणून स्वतःची जागा मी मशीनला दिली, याचं मला फार कौतुक होतं. पाहुण्यांना मी हे दाखवायचोसुद्धा.

एका दुपारी फट् असा आवाज झाला, जळकट वास आला आणि पडदा काळा झाला. मी वास घेतला आणि "पॉवर सप्लाय" असं निदान केलं. ते बरोबर निघालं, हे माझं दुर्दैव, कारण त्यानंतर माझ्यावरचा माझा विश्वास फारच वाढला. पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक भागांना सोसेल इतकी करून वाटायची, हे त्याचं काम. घरच्या बाईसारखंच, चालू असेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. आमचा डबा कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता. फुकट आलेल्या डब्यानं मुलीचं सगळं शिक्षण काढलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मी बर्डीवरच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, किती वॉटचा? आपल्या कॉम्प्युटरला किती लागतात हे मला ठाऊक नव्हतं, पण विजेच्या माणसानं असं कबूल करायचं नसतं. मी म्हणालो, मोठ्यातला मोठा. त्यानं एक खोकं काढलं. वर भला मोठा लाल आकडा आणि पंख्याला सात रंगांचे दिवे. दुकानदार म्हणाला, बिनधास्त घेऊन जा काका, याच्यावर घर चालते. माझं घर त्याच्यावर चालवायचं नव्हतं, पण मला पटलं. डबा हातात घेतला तर हलका, रिकाम्या टिफिनसारखा. मला वाटलं, नवीन तंत्रज्ञान आहे.

नवा डबा लागला. टेबल रात्रंदिवस लग्नघरासारखं झगमगू लागलं आणि चारच दिवसांत कॉम्प्युटर काम करता करता बंद पडू लागला. बायकोनं काठाची एक ओळ भरत आणली की पडदा काळा. पुन्हा सुरू केला की तेवढी ओळ गेलेली. मग ती दर चार चौकटींना साठवून ठेवू लागली आणि कामाचा वेग अर्ध्यावर आला. मी तिला कारणं सांगत राहिलो. आधी व्होल्टेज. मग तिचं सॉफ्टवेअर. एकदा तर मी तिला म्हणालो की तू माऊस फार जोरात दाबतेस. यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी मी ठरवलं की मशीनला उकडतं आहे. एप्रिलातलं नागपूर, तर्क अगदीच वाईट नव्हता. मी कूलरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकल्या आणि पुढच्या पट्ट्या वळवून सगळा झोत कॅबिनेटवर घेतला. हवा अशी ओली येऊ लागली की टेबलावरचे कागद मऊ पडले. मी समाधानानं बाजूला बसलो. बायको खुर्चीत, पदरानं मान पुसत चौकटी भरत होती. दुसऱ्या दिवशी नवा डबाही गेला. दिवे आधी विझले, मग पंखा.

महिना संपायला आठवडा उरला होता. व्यापाऱ्याचा फोन आला. बायकोनं "होऊन जाईल" म्हटलं आणि फोन ठेवून ती काळ्या पडद्यासमोर जाऊन बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी काही तरी समजूत घातली असती. पण ती नुसती बसून राहिली. मला त्या दिवशी स्वतःची खरोखर लाज वाटली. आणि लाज वाटली की मी जे करतो तेच केलं: मेलेला डबा स्क्रू काढून बाहेर आणला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे जाणकारासारखा पाहत बसलो.

बायको उठली आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेली. आमच्याकडे बोरिंगचं पाणी. कूलरच्या बाजूंना भरलेल्या खसच्या गवतावर दर आठवड्याला पांढरा खार चढतो, तो ती ब्रशनं घासून काढते. ब्रश हातात घेऊनच ती टेबलाजवळून जात होती. थांबली, वाकली आणि डब्याच्या जाळीवर बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. आत पंख्याच्या दांडीला खसचे दोनचार तंतू गुंडाळलेले दिसत होते.

"हे पाहा. हा तर आपल्या कूलरचा खार आहे. खसले लागते तोच."

मी सवयीनं म्हणालो, "तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मले वीज नाही समजत," ती म्हणाली. "पण कूलर दरवर्षी मीच घासून राहिली ना."

जुना डबा माळ्यावर होता, तो मी काढला. त्याच्याही जाळीवर तोच खार. तो बिचारा अनेक उन्हाळे ओली, खारट हवा पोटात घेत राहिला आणि शेवटी गेला. नव्याला तेवढीही ताकद नव्हती. मी ज्याला थंडावा म्हणत होतो, तो पंख्यातून आत ओढला जात होता आणि आतल्या पट्टीवर, जिथे वीज आहे तिथेच, वाळून मिठासारखा बसत होता. वर आणखी एक शहाणपण: कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. कूलरची मोटर सुरू झाली की दर वेळी डब्याला हिसका. सगळ्या विदर्भाला अर्थिंग पाहायला सांगणाऱ्या माझ्या घरात त्या बोर्डाला अर्थिंगची तारच नव्हती.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा विकत घेण्याआधी वाचलं. आपल्या कॉम्प्युटरच्या भागांना किती वीज लागते याची बेरीज केली. बेरीज मला येते, बिलांचा माणूस आहे. ती लाल आकड्याच्या निम्मीही नव्हती. खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा क्षणभराचा असतो, दिवसभर तेवढी वीज देण्याची हमी नसते, हे कळलं. हमी पाहायची ती वर्षांची आणि लेखी. जो कारखाना आपल्या डब्याची पाच वर्षं जबाबदारी घेतो, त्यानं आत काही तरी बरं घातलेलं असतं. वीज वाया न घालवण्याचा शिक्का पाहायचा. आणि हो, वजन. चांगल्या डब्यात तांबं आणि लोखंड भरपूर असतं. नुसत्या वजनावर जाऊ नये म्हणतात, पण रिकाम्या टिफिनवर तर मुळीच जाऊ नये.

बर्डीवरचा तोच दुकानदार मला पुन्हा सात रंग दाखवू लागला. मी साधा काळा, बेताच्या वॉटचा, लेखी हमीचा डबा मागितला, तेव्हा तो जरा नाराज झाला. घरी वायरमन बोलावून कॉम्प्युटरला वेगळा, अर्थिंगवाला प्लग काढून घेतला. वायरमननं विचारलं, काका, तुम्ही तर वीज खात्यात होते ना? मी चहा टाकायला आत गेलो.

आता टेबल आतल्या खोलीत न्यायचं, असं मी जाहीर केलं. मशीन कोरडं राहायला हवं. आतली खोली पश्चिमेची, दुपारी भट्टी होते, पण मशीनला चालेल. बायको म्हणाली, "टेबल राहू द्या. हा मोठा डब्बा तेवढा हलवा."

लांब वायरी आणल्या. कॅबिनेट भिंतीच्या कोपऱ्याआड एका स्टुलावर गेलं, झोताच्या बाहेर. टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि माऊस एवढंच उरलं. बायको खुर्चीत बसली, मी कूलर सुरू केला, आणि मधली आडकाठी गेल्यामुळे सगळी हवा सरळ तिच्या तोंडावर आली. तिनं डोळे मिटले. कपाळावरचे केस मागे गेले.

"इतके उन्हाळे मले वाटे," ती म्हणाली, "का कूलरची मोटरच कमजोर आहे."

मी म्हणालो, नवी मोटर टाकू. मग मला कळलं की मी काय बोललो.

तिनं त्या आठवड्यात काठ पूर्ण केले. काळा डबा कोपऱ्यात आवाज न करता चालत होता, पडदा एकदाही विझला नाही. मालिका वेळेवर लकडगंजला गेली आणि वर्षभराचं काम आलं. व्यापाऱ्यानं फोनवर तिला "मॅडम" म्हटलं, हे तिनं मला दोन वेळा सांगितलं.

मे महिन्यात मुलगी आणि जावई आले. जावई भला माणूस. रिक्षातून उतरून लालबुंद होऊन आत आला आणि रीतीप्रमाणे कूलरसमोर निघाला. तिथे खाट नव्हती. टेबल होतं, आणि पाठमोरी सासू चौकटी भरत होती. तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मुलगीही पाहू लागली. मी घसा साफ केला.

"जवाईबापू, तुम्ही इकडं बसा. ते हवा कामावरच्या माणसाची आहे."

माऊसचा आवाज थांबला. बायको वळली नाही. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "माठातलं पाणी द्या त्याहीले. माझा एक काठ राहिला आहे."

मी पाणी आणायला गेलो.