कुंदाबाईंचं अर्धं वाक्य

कुंदाबाईंचं वाक्य दुसऱ्या कोणी पूर्ण केलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. तुम्ही आपले मदत म्हणून शब्द पुढे करायला जावं, तर बाई हात वर करून थांबवणार, जरा वेळ तुमच्याकडे बघत राहणार आणि म्हणणार, "झालं तुझं? आता पुढे मी सांगते." मग तेच वाक्य पहिल्यापासून सुरू. शेवटी शब्द बहुतेक तुम्ही सुचवलेलाच यायचा, पण तो बाईंनी उच्चारलेला असायचा. माणूस चिडायचा हो. मी तर फार चिडायचे.

आमची ओळख मेमू लोकलच्या रोजच्या वाटेवर झाली. बाई मसोलीच्या, त्या डहाणू रोडला चढायच्या. मी चिखल्याची, घोलवडला चढायचे. दोघींची शाळा तलासरी तालुक्यातल्या वेवजीला. म्हणजे नोकरी महाराष्ट्रात, पण गाडीतून उतरायचं गुजरातच्या उंबरगावला आणि रिक्षाने पुन्हा आपल्या राज्यात यायचं. पहिल्याच दिवशी मी रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होते. मागून एक ठेंगणी बाई आली, पदर खोचलेला, हातात छत्री. "नवी मास्तरीण छे आमची. एने पण रोज लई जजे, भाई," हिलाही रोज नेत जा, असं त्याला अर्ध्यामुर्ध्या गुजरातीत बजावून तिने मला आत ढकललं. रिक्षा सुटल्यावर मला विचारलं, "नाव काय?" मी म्हटलं, "सुनंदा." "म्हणजे सुनू," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी सुनू झाले.

शाळेतली पोरं घरी वारली बोलायची. पहिलीत आलेल्या पोराला आमचा पुस्तकी शब्द सापडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरचं एखादं आगाऊ पोर उत्तर देऊन मोकळं होतं. बाईंच्या वर्गात तसं चालत नसे. "त्याचा शब्द त्याच्या तोंडातून पडू दे," त्या म्हणायच्या. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी एका मुलीला विचारलं, नदीला पाणी कुठून येतं? ती उभी राहिली आणि गप्प. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "डोंग... डोंग..." बाई ताडकन म्हणाल्या, "साहेब, थांबा. ती बोलतेय." अख्खा वर्ग थांबला. बराच वेळ गेला. मग ती पोरगी म्हणाली, "माझ्या मामाच्या गावाकडून." साहेब पुन्हा घड्याळाकडे वळले. बाईंनी मात्र मान डोलावली. "बरोबर आहे. मामाचं गाव डोंगरात आहे तिच्या."

अशी बाई निवृत्त व्हायच्या सुमारास आजारी पडली. आधी हातातून खडू सुटायला लागला. "सरकारी खडू आहे, निसटायचाच," म्हणून हसल्या. मग पाय अडखळायला लागले, मग जीभ. वापीच्या डॉक्टरांनी एएलएस हे नाव सांगितलं. एकेक स्नायू निकामी होत जातो आणि डोकं मात्र शाबूत राहतं. काय म्हणावं या आजाराला! वर्षभरात बाई खाटेला खिळल्या. बोलणं गेलं. उरले ते डोळे. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचो: पाणी हवं? उशी? कूस बदलू? बाई डोळे गच्च मिटून घ्यायच्या. त्या रडतायत असं अण्णांना वाटायचं. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले, साधा माणूस. रडत नव्हत्या हो त्या, संतापलेल्या असायच्या.

मग त्यांच्या लेकीने, मीनलने, ते यंत्र आणलं. खाटेसमोर स्टँडवर कॉम्प्युटरचा पडदा, त्याच्याखाली एक काळी पट्टी. त्या पट्टीतला कॅमेरा बुबुळं कुठे वळतात ते टिपतो. पडद्यावर अक्षरं मांडलेली. ज्या अक्षरावर नजर टेकवाल ते उमटतं, आणि वाक्य झालं की एका चौकोनाकडे बघितलं की यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवतं. सुरुवातीला पडद्यावर एक ठिपका फिरतो, त्याच्या मागे डोळे फिरवून यंत्राला आपली नजर ओळखायला लावायची. बाईंनी ठिपक्याचा पाठलाग केला. मग अक्षरं उमटायला लागली. आम्ही सगळे पडद्याभोवती गोळा झालो. मीनल तर देवाचं नाव घेत होती. यंत्रातून बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा आवाज आला: "पंखा बंद करा. कधीची कुडकुडतेय."

आम्ही हसलो, रडलो, आणि पंखा बंद करायचं विसरलो. बाईंना तेच पुन्हा एकदा बोलून दाखवावं लागलं.

ते यंत्र फार हुशार. 'पा' उमटलं की पाणी, पाऊस, पाहिजे असे शब्द आपणहून खाली मांडायचं, म्हणजे माणसाचे कष्ट वाचावेत. दुसऱ्याच दिवशी बाईंनी लिहिलं, "हे आगाऊ पोर बाकावर उभं करा." मीनलला कळेना. मला कळलं. ती सोय बंद करायला लावली त्यांनी! एकेक अक्षर, एकेक वेलांटी नजरेने टिपत बसायच्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पुसून पुन्हा. मी शाळेतून परतताना रोज थेट मसोलीला जायचे. समोर बसून पडद्यावर शब्द उमटताना बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंडातून चुकून शब्द निसटला, की बाई सगळं वाक्य पुसायच्या. शेवटचं अक्षर राहिलेलं असलं तरी पुसायच्या. "बाई, छळू नका हो," मी म्हणायचे. पडद्यावर यायचं: "पुढे मी सांगते."

पावसाळ्यात त्यांचा श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि घरी श्वासाचं यंत्र लावलं तर बाई अजून जगतील, काही वर्षंसुद्धा. मला तर हायसं वाटलं. डोळे आहेत, डोकं आहे, त्यात श्वासाची सोय झाली. आणखी काय हवं? मी लागले कामाला. मसोलीत लाइट जाते, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून मोठा इन्व्हर्टर ठरवला. पुढच्या खोलीतलं कपाट हलवलं. तलासरीची एक नर्स राहायला यायला तयार झाली. मी घरभर नाचत होते आणि बाई बघत होत्या. एके दिवशी यंत्र बोललं, "सुनू, इन्व्हर्टरला बाशिंग बांधणार आहेस का?" सगळे हसले. मीनल जरा जास्तच हसली, आणि हसता हसता आत निघून गेली.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. दुपारी मी बाईंना स्पष्टच विचारलं, "बाई, ऑपरेशन कधी करायचं? डॉक्टरांना तारीख द्यायला हवी." बाईंनी पडद्याकडे नजर वळवली. अक्षरं उमटायला लागली: "दिवाळीनंतर मी". आणि नजर थांबली. मी वाट बघितली. पुढे काही उमटेना. मला राहवलं नाही. "दिवाळीनंतर मी ऑपरेशन करून घेणार, असंच ना?" म्हटलं आणि जीभ चावली, आता पुसणार म्हणून. बाईंनी पुसलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग 'हो'च्या चौकोनाकडे बघितलं. "हो," यंत्र म्हणालं. अण्णा उठून मागच्या दाराने चिकूच्या झाडांकडे गेले. मला इतका आनंद झाला होता, की अण्णा का उठले हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. उलट वाटलं, बघा, एवढ्या वर्षांत बाईंनी एका माणसाला आपलं वाक्य पूर्ण करू दिलं, आणि ते माणूस मी! गाडीत ओळख ना पाळख अशा एका बाईला धरून मी हे सांगितलं.

दिवाळी यायच्या आधीच एका सकाळी अण्णांचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाई धापा टाकत होत्या. मी डॉक्टरांवर ओरडले, "मशीन लावा ना! कशाची वाट बघताय?" डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी भिंतीकडे.

"तिने नको म्हणून सांगितलंय, सुनंदा," अण्णा म्हणाले. "श्रावणातच. डॉक्टरांसमोर लिहून, यंत्राला वाचायला लावलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीनललाही." मग खाली मान घालून म्हणाले, "तिने शपथ घातली होती. म्हणाली, सुनूला कळलं तर ती मला नाही म्हणू देणार नाही."

नर्सलासुद्धा माहीत होतं म्हणे. इलेक्ट्रिशियनला अण्णांनी हळूच थांबायला सांगितलं होतं. घरभर नाचणारी मी एकटी, आणि बाकी सगळे माझा नाच बघणारे! बाई दुपारी गेल्या. मी त्यांचा हात धरून बसले होते, पण तेव्हासुद्धा मनातून धुसफुसत होते, हे लपवत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. दहाव्याला गेले नाही. मीनल मला समजवायला चिखल्याला आली, तिला चहासुद्धा नीट विचारला नाही मी.

त्यांचा निर्णय चुकला असं म्हणत नाही. श्वास त्यांचा, नाही म्हणायचा हक्कही त्यांचा. पण मला सांगायचं ना! मी भांडले असते, रडले असते, मसोलीचं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि शेवटी ऐकलंच असतं. एका सहा वर्षांच्या पोरीच्या उत्तरासाठी साहेबांना गप्प उभं करणारी बाई, माझ्या रडण्याला भ्याली? जन्मभर दुसऱ्याचा शब्द तोंडात घेतला नाही, आणि घेतला तो माझा, तोही मला फसवण्यासाठी.

अजूनही घोलवडला गाडी थांबली की मी डब्यातली डाव्या बाजूची बाईंची नेहमीची जागा बघते. "दिवाळीनंतर मी" याच्या पुढे त्यांच्या मनात काय होतं, ते आता कुणाला विचारू? अण्णांना ठाऊक नाही, मीनलला नाही. मी चुकून बोलले होते, बाई. तुम्ही पुसायला हवं होतं.