राखून ठेवलेली सुई

देवाने माणसाला डोळे निव्वळ शोभेसाठी दिलेत, असं ठाम मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. पिंपरीच्या एका कारखान्यात आम्ही दोघेही कामाला होतो. तपासणीला आलेल्या यंत्राच्या भागावरून साडू डोळे मिटून अंगठा फिरवत आणि म्हणत, "खरखर हाय. परत पाठवा." साहेबाने भिंग लावून पाहिलं की खरखर निघायचीच. बाहेरही तीच तऱ्हा. कासारवाडीच्या बाजारात पेरू चाचपताना ते असे ध्यानस्थ होत की पेरूवाली कावून म्हणायची, "पेरू हाय त्यो पावणं, नाडी न्हाई!" अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, लुगडीही ते डोळे मिटूनच घेत. पोत अव्वल आणि रंग भयंकर. अक्का ती मुकाट नेसायची. "रंग लोकांनी बघायचा," म्हणायची, "मला अंगाला मऊ लागतंय, बास."

याच बोटांना पुढे मुंग्या येऊ लागल्या. तरुणपणी वर्षानुवर्षं कानस आणि हातग्राइंडर चालवल्याचं ते फळ. साडूंनी मुंग्यांनाही कामाला लावलं. "आज पाळीच्या आधीच आल्या राव," कधी "आज ओव्हरटाइम करत्यात." आम्ही हसायचो. एक दिवस खरखरीत माल त्यांच्या अंगठ्याखालून तसाच पास होऊन गेला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कामगारांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मनगटात शीर दबली आहे, ऑपरेशन करू. "मनगट हाय सायेब, गिअरबॉक्स न्हाई," म्हणत साडू उठलेच. मग मनगटात इंजेक्शन द्यायचं ठरलं. दोन दिवस हात ठणकला आणि चार-आठ दिवसांत मुंग्या पसार झाल्या. त्या आनंदात साडूंनी पितळी तांब्या, शेजाऱ्याची म्हैस, माझी वाढलेली दाढी, जे समोर येईल ते चाचपून पाहिलं. काही महिन्यांनी मुंग्या परतल्या आणि दुसरी सुई झाली. "आता फार तर आणखी एक. त्यापुढे मी देणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. मुंग्या पुन्हा आल्या तेव्हा साडूंनी गोदामात बदली मागून घेतली, पण तिसरी सुई घेतली नाही. लेक नुकतीच दापोडीला दिली होती. "पयलं नातवंड मी बधिर हातानं घेणार न्हाई," ते सांगत.

मग अक्का अंथरुणाला खिळली. ताप उतरेना, अन्न जाईना. एकदा मी बसलो असताना तिने त्यांचा हात धरून विचारलं, "माझा हात गार पडलाय का वो?" साडूंना सांगता येईना. हात आणि गोधडी त्यांना सारखीच लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला दवाखान्यात सोबत नेलं. मी वाटेत विचारलं, "आणि नातवंडाचं काय?"

"ते यील तवा यील," ते म्हणाले. "ही आत्ता हाय."

सुई लागू पडली आणि पुढचे तीन आठवडे ते अक्काचा हात हातात घेऊन बसून होते. "आज हात ऊन हाय. आज ताप जरा उतरलाय," असं रोज सांगत. शेवटच्या दुपारी डॉक्टर नाडी शोधत होते, तेव्हा साडू हळूच म्हणाले, "गेली." त्यांचा हात कधी चुकत नसे. त्या दिवशी चुकावा, असं मला फार वाटलं.

वर्षभराने लेकीला मुलगा झाला. मुंग्या तोवर केव्हाच कामावर रुजू झाल्या होत्या. साडूंनी बाळाच्या डोक्यावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मला विचारलं, "केस कसं हायत वो?"

"मऊ आहेत," मी म्हणालो.

"तुमचं इन्स्पेक्शन मला मान्य न्हाई," म्हणत त्यांनी बाळ उचललं आणि डोळे मिटून त्याच्या डोक्याला आपला गाल लावला.

"आजीवर गेलंय, राव."

पोर सरळसरळ बापावर गेलेलं होतं. मी मान डोलावली.