कोकमाला बांधलेली पट्टी

साखळीच्या बाजारात कोकमाची सोलं विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. देण्याआधी ती प्रत्येक मूठ नाकाशी नेई. एकदा कारापूरच्या रानात ती फळ नसलेल्या कोकमाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधताना दिसली. मला वाटलं, नवस असेल; तसं विचारलंही.

"नवस कसलो? नराचा झाड ता," ती म्हणाली. "फळ धरणा नाय म्हणान आमीच असली झाडां तोडून चुलीत घातलंव. मगे बाकीची झाडांय फळायची थांबली. आता पट्टी बघून तुका वाटला तसाच सगळ्यांका वाटता. कोण कोयतो लावणा नाय."

तिने शेजारच्या झाडाखालचा पाचोळा हलकेच सारला. तांबूस कोवळ्या पानांची कोकमाची रोपं होती, बरीच.

मी पुढे झाले.

"पाय बघून ठेव गे बाय," ती म्हणाली.