लंकाबाईच्या नावावरची स्कूटर

सायखेड्यात वर्षाचा मसाला कुटायचा म्हटलं की बायका लंकाबाई गाजरेच्या डंकावर येतात आणि येताना घरातली एखादी बातमी घेऊन येतात. लंकाबाईला कुटणावळीइतकीच बातमीही लागते. मिरची कोणत्या बाजारातली, धणे भाजले का तसेच आणले, थोरली सून अजून माहेरीच का, असं तिचं कुटण्याबरोबर चालूच असतं. त्यात कुचकेपणा नसतो. तिला खरोखरच कळून घ्यायचं असतं. एकदा मशीन दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला तिनं इतकं विचारलं, की तो म्हणाला, "मावशी, पुढच्या खेपेला तुम्हीच उघडा." आणि पुढच्या खेपेला तिनं उघडलंही.

गेल्या हिवाळ्यात ओझरच्या धनराजनं आपलं चालू कुटायचं मशीन विकायला काढलं. मोठं, दोन डंकांचं, एक लाख ऐंशी हजाराला. लंकाबाईचं जुनं मशीन आता मिरची कमी कुटायचं आणि गावाला जास्त हादरवायचं. नवं आलं नसतं तर फाल्गुनातली गिऱ्हाइकं पिंपळगावच्या चक्कीवर गेली असती. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धनराज म्हणाला, "तुमच्यासाठी वीस जानेवारीपर्यंत थांबतो. एकवीस तारखेला मशीन दुसऱ्याचं."

ती निफाडला बँकेत गेली. तिथल्या मयुरेशसाहेबांनी संगणकात बघितलं आणि मान हलवली.

"मावशी, नाही होणार. तुमचं सिबिल खराब आहे."

"काय खराब हाय?"

"सिबिल. म्हणजे कर्ज कसं फेडता त्याचे मार्क. तुमचे पाचशे बारा आलेत. स्कूटरचे हप्ते थकवलेत तुम्ही."

"स्कूटर? साहेब, मला सायकल येत नाय!"

मागं रांगेत खसखस पिकली. लंकाबाई टेबलावर वाकली. "कोणत्या रंगाची हाय?"

"रंग नसतो लिहिलेला."

"मग लिवलंय तरी काय?"

साहेबांना पुढचं गिऱ्हाईक होतं. "आधी ते दुरुस्त करून आणा," एवढंच ते म्हणाले.

दुसरी एखादी बाई रडली असती, नाहीतर चिडली असती. लंकाबाईही चिडली, पण एसटीत बसेपर्यंतच. निफाड सुटलं आणि तिच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: आपल्या नावावर स्कूटर घेऊन फिरतंय तरी कोण?

बँकेबाहेरच्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता. 'सिबिल दुरुस्ती, पंधरा दिवसांत, गॅरंटी.' दुसऱ्या दिवशी ती नाशकात द्वारकेला त्या पत्त्यावर जिना चढून गेली. शेखर नावाचा माणूस होता, गळ्यात जाड चेन, टेबलावर गणपती आणि तीन मोबाईल.

"पंधरा हजार पडतील काकू. अर्धे आत्ता."

"करणार काय तुम्ही?"

"आपली आत सेटिंग हाय."

"कुणाच्या आत?"

शेखर हसला. "तुम्ही फक्त आधार द्या, पॅन द्या, आन् मोबाईलवर नंबर येईल तो सांगा. बाकी माझ्यावर सोडा."

"आधी मला दाखवा, स्कूटर कुणाची हाय ते."

"काकू, मार्क वाढवायचेत का चौकशी करायची?"

"दोन्ही," लंकाबाई म्हणाली. शेखर दाखवेना, म्हणून तिनं पिशवी उचलली. आपल्याला दाखवायचं नाही असं त्या कागदात काय आहे, हे तिला पैशापेक्षा जास्त टोचलं होतं.

डंकावर येणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी तिला गंगापूर रोडचं ग्राहक मार्गदर्शन केंद्र सांगितलं. एकाच खोलीचं. तिथं दर मंगळवारी सुधाताई बसायच्या. बँकेत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला.

"पंधरा हजार?" सुधाताईंनी चष्मा काढला. "अहो, हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो देणाऱ्या चार कंपन्या आहेत, लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात. आणि त्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला एक पैसा लागत नाही. कायदाच आहे तसा."

"आन् चूक नसंल तर?"

"तर कुणाचा बापही ती नोंद पुसू शकत नाही. पुसतो म्हणणारा तुमचे पैसे पुसतो."

सुधाताईंनी तिथंच अहवाल मागवला; नंबर लंकाबाईच्याच मोबाईलवर आला आणि तो तिनं स्वतःच्याच बोटानं टाकला. अहवाल इंग्रजीत होता. सुधाताईंनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, फेडलेलं. बचत गटाचं, फेडलेलं. मग स्कूटर. नाव लंका गाजरे, सायखेडा, जन्म एक जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. सगळं हिचंच. फक्त फोन नंबर वेगळा, आणि दुसरा एक पत्ता विंचूरचा. पॅनचा रकाना कोरा.

"फायनान्स कंपनीनं पॅन न घालताच माहिती पाठवली," सुधाताई म्हणाल्या. "नाव, गाव, जन्मतारीख जुळली, चिकटवलं तुम्हाला. पण तारीखसुद्धा तीच कशी?"

लंकाबाईला हसू आलं. "ताई, तुम्ही शहरातल्या. आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरच तारीख लिवायचे. एक जूनला अख्खा वर्ग जलमलेला हाय."

सुधाताई लगेच तक्रार लिहायला बसल्या. लंकाबाईनं त्यांचा हात धरला. "थांबा. आधी हिला फोन लावते."

"गरज नाहीये त्याची."

"मला हाय."

पलीकडून बाईचा आवाज आला. "कोन?"

"लंका गाजरे."

"आँ? लंका गाजरे तर मी हाय. तुम्ही कोन?"

दुसऱ्या दिवशी लंकाबाई विंचूरला गेली. मार्केटमागच्या शेडमध्ये बायका कांदा निवडत होत्या. त्यातली एक उठून समोर आली, आणि लंकाबाईच्या तोंडातून आपोआप निघालं, "अगं बाई! बेबी वन्सं!"

सायखेड्याच्या भावकीतली चुलत नणंद. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन विंचूरला दिलेली. गावात तिला सगळे बेबीच म्हणायचे; शाळेच्या दाखल्यावर लंका आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. त्याच दाखल्यावरून तिचे सगळे कागद माहेरच्या नावा-पत्त्यानं निघाले, आणि नवऱ्याचं नाव लावायचं राहूनच गेलं.

सगळं ऐकून बेबी आधी घाबरली, मग फणकारली. "म्या एक पैसा बुडवला नाय. पोराला स्कूटर घेतली व्हती. मालक दवाखान्यात पडले तवा दोन हप्ते ऱ्हायले. ते बी नंतर दंडासकट भरले. कागद हाय माझ्याकडं."

"मग तो कागद द्या. ही स्कूटर माझी हाय म्हणून लिवून द्या."

बेबीनं कांद्याची टरफलं झटकली. "का म्हणून? डाग तुमच्या नावावर पडलाय तर पडू द्या की वहिनी. लग्नात मला साधी साडी नेसवली व्हती तुम्ही."

"काठाची व्हती ती!"

"काठ दोन बोटांचा."

बायका काम सोडून ऐकत होत्या. लंकाबाईला वीस जानेवारी दिसत होती, तरी तिनं राग गिळून वेगळंच विचारलं. "वन्सं, तुम्ही नंतर कधी कर्ज मागितलं का?"

"मागितलं. बँकवाला म्हणला, तुमची कुठं नोंदच नाय, आधी कुणी दिलंय का नाय ते कळत नाय."

"कशी सापडंल नोंद? एकूण हप्ते किती व्हते?"

"चोवीस."

"त्यातले बावीस वेळेवर भरले ना तुम्ही? ते बी माझ्याच नावावर जमा झाल्यात."

बेबीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग ती एकदम भडकली, पण लंकाबाईवर नाही. "बावीस हप्ते! कांदा निवडायच्या मजुरीतून भरले म्या! ते हिच्या नावावर?" ती तरातरा घरी गेली आणि पत्र्याच्या पेटीतून कंपनीचं कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन आली. "कुठं सही करायची? दोन उशिराचे बी माझे, बावीस वेळेवरचे बी माझे. सगळे माझ्या नावावर घाला."

बारा डिसेंबरला दोघींच्या तक्रारी गेल्या. सुधाताईंनी सांगून ठेवलं, "तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. आणि टाळलंच, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तोही फुकट."

तीस दिवस गेले. फायनान्स कंपनी उत्तर देईना. बारा जानेवारीला धनराजचा फोन आला, मनमाडचा एक माणूस रोख पैसे घेऊन तयार आहे. त्याच दुपारी शेखरचाही आला. "काकू, अजून वेळ गेली नाय. पंधराचे बारा करतो."

लंकाबाईनं फोन कानाला तसाच धरला. बारा हजार तिच्या डब्यात होते. मशीन हातचं जात होतं.

"एक सांगा," ती म्हणाली. "तक्रार तर मी केलीय. तुम्ही तिच्यापरीस येगळं काय करणार?"

"तेच... म्हंजे आम्ही फॉलोअप घेतो."

"त्यो मी घेते." तिनं फोन ठेवला आणि सुधाताईंना लावला. संध्याकाळपर्यंत कंपनीला दुसरं पत्र गेलं, दिवसाच्या शंभराचा हिशोब आणि लोकपालाचं नाव घालून.

सतरा तारखेला निरोप आला: स्कूटर निघाली. पाठोपाठ सहा दिवसांचे सहाशे रुपये खात्यात पडले. बेबीलाही तिचे आले. तिनं फोन करून विचारलं, एवढ्यात दोन बोटांपेक्षा जास्त काठाची साडी येते का.

एकोणीसला लंकाबाई मयुरेशसाहेबांसमोर होती. त्यांनी संगणकात बघितलं आणि हसले. "सातशे एकेचाळीस! मंजूर होतंय मावशी. धनराजना सांगा, पैसे थेट त्यांच्या खात्यात येतील."

तिनं तिथूनच धनराजला फोन लावला, मशीन दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नको म्हणून बजावलं. कागदांवर सह्या झाल्या. साहेबांनी शिक्का मारला. तरी ती खुर्चीवरून उठेना.

"अजून काही?"

"हे मार्क कितीपैकी असत्यात, साहेब?"

"नऊशेपैकी."

लंकाबाईनं मनातल्या मनात वजाबाकी केली, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि विचारलं, "मग ऱ्हायलेले एकशे एकोणसाठ कशाचे कापले?"