पहिल्या पानावरचा अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही आपलं ऐका.

परळच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायचो. शनिवारच्या शेवटच्या तासाची मुलं आठवडाभर वाट बघायची, कारण त्या तासाला वर्गात चोरी व्हायची. खोटी, अर्थात — मीच रचलेली. कधी घंटेचा हातोडा गायब, कधी पृथ्वीचा गोल. माग मुलांनी काढायचा. जमिनीवर रांगोळी भुरभुरवून पावलं उमटवायची, काचेवर काजळी फुंकून ठसे उठवायचे. सगळ्यांच्या अंगठ्यांची एक वही होती. पहिल्या पानावर माझा अंगठा. संशयातून गुरुजीसुद्धा सुटत नाहीत, असं मीच सांगितलं होतं. काय ती ऐट!

सुमन तिसऱ्या बाकावर बसायची. काळाचौकीची, वडील गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे. भिंग डोळ्याला लावलं की ही पोर श्वास घ्यायची विसरायची. आणि मग हात वर — "गुरुजी, जुळलं!"

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. शाळेत घोषणा दिसली तर लावणाऱ्याची खैर नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. मी सभांना जायचो, पण मागे उभा राहायचो. एका शनिवारी मात्र कुठून बळ आलं कोण जाणे — शाळा उघडायच्या आधी मी हेडमास्तरांच्या दारावर हातानं लिहिलेला कागद डकवला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. शाई ओली होती. ठसे शिकवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही.

शेवटच्या तासाला हेडमास्तर तो कागद घेऊन वर्गात आले. तुमची पोरं मोठी पोलीस ना, काढू द्या शोधून, म्हणाले. पोरांना वाटलं, ही गुरुजींचीच नवी चोरी! कशी खूश झाली! मी नको म्हणणार कसा? सुमननं कोपऱ्यातला ठसा वहीशी ताडला, वहीत काहीतरी लिहिलं आणि हात वर केला.

"गुरुजी, जुळलं! पहिलं पान — तुमचाच अंगठा!"

हसत होती.

मी काय केलं? भिंग हिसकावून घेतलं. तिनं लिहिलेल्यावर लाल शाईनं फुली मारली. चूक, म्हटलं, आधी नीट बघायला शीक. वर्ग हसला. चोर तो चोर, वर शिरजोर. हेडमास्तर कागद माझ्या टेबलावर टाकून निघून गेले. सुमन फुलीकडे बघत राहिली, मग ठशाकडे, मग पुन्हा फुलीकडे. भांडली असती तर — पण नाही भांडली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा सोडला.

त्यानंतर तिचा हात कधी वर गेला नाही. सातवी झाली, आणि ती शाळा सोडून गेली.

पुढे महाराष्ट्र झाला. शाळेत पेढे वाटले. त्या दिवशी बोललो असतो तर लोकांनी मला हार घातले असते! तरी गप्प राहिलो. कागद सांगायचा तर फुलीही सांगावी लागली असती.

आता शिवाजी पार्कला फेरी मारताना तिच्या वयाच्या बायकांकडे बघतो. एखादी काही डोळ्यांजवळ धरून निरखत असली की पाय थबकतात. तो हात एकदा वर झालेला दिसावा, असं फार वाटतं. फार.

वही आणि कागद माझ्याकडेच आहेत. परवा भिंग घेऊन बसलो. फुलीखाली तिचं अक्षर अजून वाचता येतं — सात खुणा जुळतात.

मी मोजल्या. सातच आहेत.