अमेरिका, मलकापूरमार्गे

अमेरिकेला जायचा रस्ता कबनूरहून मुंबईला आणि तिथून विमानाने, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो मलकापूरवरून जातो, आणि मलकापुरात माझा मेव्हणा राहतो.

सकाळी बायकोला घेऊन कबनूर सोडलं. तिच्या पिशवीत अमेरिकेहून आलेलं पत्र होतं. आमची मुलगी मीनल तिथली नागरिक झाली आणि तिने आईला कायमचं बोलावून घेण्यासाठी अर्ज केला. त्यावर तिथल्या कचेरीने विचारलं होतं की, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वैशाली आहे आणि आईच्या पासपोर्टवर शकुंतला. या दोघी एकच कशावरून? महिनाअखेरपर्यंत पुरावा आला नाही तर अर्ज नामंजूर. हातात पाच दिवस होते.

आता लग्नात बायकोचं नाव बदलतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला, तिथे माहेरचं नाव आलं. एवढंच.

कोल्हापुरात शाहूपुरीत असल्या अर्जांची कामं बघणाऱ्या एक वकीलबाई आहेत. मीनलच्याच वयाच्या. पत्र वाचून म्हणाल्या, "काका, लग्नात नाव बदललेलं डोळ्यांनी पाहिलंय आणि काकूंना लहानपणापासून ओळखतं, असं माणूस पाहिजे. त्याचं प्रतिज्ञापत्र जोडू."

"माझं चार भाऊ हाईत. सगळे सह्या करतील."

"ते काकूंना लहानपणापासून ओळखतात?"

"लग्नापासून. आधीची वीस वर्षं सोडून द्या की."

"सोडता येत नाहीत."

"मग निम्मी सोडा."

सुताच्या कांड्या भरणारा पोरगा होतो, सोळा यंत्रमागांचा मालक झालो, तो घासाघीस करूनच. पण या बाई एका वर्षानेही खाली येईनात. "माहेरचं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"थोरला भाऊ हाय. मलकापूरला," बायको म्हणाली. मी वरच्या पंख्याकडे बघत बसलो.

माझं आणि या आण्णाचं बत्तीस वर्षांचं वाकडं आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि मी अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहीत होतो. मागे उभा असलेला हा माणूस सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कांडीवाल्यानं ठेवल्यालं नाव किती दिस टिकतंय बघूया!" मी उठलो आणि मांडवाबाहेर गेलो. त्यानंतर त्याच्या घरचं पाणी प्यायलेलो नाही. बायकोला माहेरी सोडायचं तर मलकापूरच्या स्टँडवर उतरवून त्याच गाडीने परत फिरतो.

रत्नागिरीची गाडी धरली. केर्लीपर्यंत दोन्हीकडे ऊस. वाघबीळचा चढ चढल्यावर वारा गार लागला आणि कापणी झालेली भाताची खाचरं दिसू लागली. बांबवड्याला गाडी थांबली. खाली पेरू छान होते. बाईने सांगितलेला भाव मला पटला नाही, तिला माझा पटला नाही, आणि आमचं जमत आलं तेवढ्यात गाडी बायकोला घेऊन निघून गेली. मग वडाप (माणसं कोंबून नेणारी खासगी जीप) पकडली. एक पाय आत, एक पाय रस्त्यावर, अशा अवस्थेत मलकापूरला पोहोचलो. आधी पोहोचलेल्या बायकोने भावाला फोन केलेला. स्टँडवर मोटारसायकल घेऊन आण्णा स्वतः उभा.

"वाट चुकलासा व्हय, पावणं?" (पावणं म्हणजे पाहुणे, आमच्याकडे अनोळखी माणसालाही म्हणतात.)

"गाडी चुकली," मी म्हणालो आणि मागे बसलो.

घरी पाणी पुढे आलं. मी नाही म्हणालो. पण घशात वडापची धूळ होती. वहिनींनी ताक आणलं. ताक म्हणजे पाणी नव्हे, म्हणून घेतलं. त्यानंतर नाचणीची भाकरी, खरडा आणि वाटीभर लोणी. तीन भाकऱ्या झाल्या.

बायकोने पत्राचं सगळं सांगितलं. आण्णाने मिशी पुसली. "शपथेवर सांगायचं म्हंजे घडलं तसंच सांगणार."

"थोडं कमी सांगितलं तरी चालतंय," मी म्हणालो.

चार वाजता तिघं पुन्हा शाहूपुरीत. आण्णा सांगत होता, वकीलबाई टाइप करून मोठ्याने वाचत होत्या. "त्यावर नवरदेवाने ताट उडवले..."

"'कलंडलं' लिहा," मी म्हणालो. इतका वेळ ताटाचा विषय मी काढलेला नव्हता.

"उडीवलं! भटजीच्या कानात तांदूळ गेलतं!"

"मग ह्यो काय बोलला तेबी लिवा," मी बाईंना सांगितलं.

"ती चेष्टा हुती."

"शपथेवर चेष्टा न्हाय! बरं, तुमची चेष्टा मी सोडतो, माझं ताट तुम्ही सोडा."

"दोन्ही राहणार," बाई म्हणाल्या. "त्याच्यामुळेच तर यांच्या लक्षात राहिलं. आता सांगा, ताटात लिहिलेलं नाव तुम्ही वाचलंत?"

आण्णाने माझ्याकडे बघितलं. "न्हाय. वाचायच्या आधीच ह्येंनी ताट उडीवलं."

बाईंची बोटं थांबली. "मग वैशाली हे नाव ठेवलेलं तुम्ही पाहिलं नाही."

बत्तीस वर्षांपूर्वी माझ्याच हाताने मी मीनलच्या अर्जावर पाणी ओतून ठेवलं होतं, आणि आता कमी-जास्त करायला काही उरलं नव्हतं.

"बघितलं की!" आण्णा म्हणाला. "हे भाईर गेल्यावर शकूनं तांदूळ गोळा केलं, परत पसरलं. ह्येंची अंगठी थितंच पडल्याली. ती घिऊन सोताच्या हातानं वैशाली लिवलं. मी म्हटलं, आता कशाला लिवतीस, नवरा पळाला. मला म्हणाली, गप बस."

मी बायकोकडे बघितलं. ती पत्राची घडी घालत होती.

बाईंनी ते जसंच्या तसं घेतलं. त्यातलं एक अक्षरही कमी करा असं मी म्हणालो नाही. खालच्या मजल्यावर नोटरीसमोर सही झाली, भाषांतर झालं आणि आमच्यादेखत सगळं मीनलच्या अमेरिकेतल्या वकिलाकडे रवाना झालं. आण्णाला मलकापूरच्या गाडीत बसवताना खिडकीची जागा मी कंडक्टरशी भांडून मिळवून दिली.

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, ज्या प्रसंगाचा राग इतकी वर्षं सांभाळला, त्यातलं खरं महत्त्वाचं घडलं तेव्हा मी मांडवाबाहेर चप्पल शोधत होतो.

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस," मी बायकोला म्हणालो.

"इचारलं कुणी?"

"मी तर निघून गेलो होतो. दुसरं कुठलंही नाव लिहायचं होतंस."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाव आवडलं हुतं," ती म्हणाली. "माणसाचं नंतर बघू म्हटलं."