फुआतिनोबाईंचा वादाचा वर्ग

फुआतिनोबाई वादळाला भीत नसत, भीत त्या सख्ख्या थोरल्या भावाला. गावच्या मुखियांच्या सभेत या भावाचा, तुआलाचा, शब्द शेवटचा. नवरा गेल्यावर बाई राजधानी आपियातली मास्तरकी सोडून सामोआतल्या या खेड्यात परतल्या, त्या त्याच्याच जमिनीवर. सभेला उलट बोललेल्या एका कुटुंबाला त्यानं मागच्याच वर्षी गावाबाहेर काढलं होतं.

पण मास्तरकी म्हणजे जित्याची खोड. रविवारी दुपारी बाई चर्चमधल्या पोरांना वाद घालायला शिकवत. "देव आपला आहे म्हणून आपलं म्हणणं खरं ठरत नाही, बाळांनो. आधी समोरच्याचं नीट सांगा, मग आपलं."

त्या दिवशी विषय निघाला संध्याकाळच्या प्रार्थनेचा. घंटा झाली की रस्त्यावर कुणी फिरायचं नाही, हा गावचा कायदा. मग दवाखान्यात निघालेल्यालाही अडवायचं का? लुपे नावाची पोर तावातावानं बोलत होती, तेवढ्यात तुआला आत येऊन चटईवर बसला.

लुपे उभीच! आपियातल्या वादाच्या स्पर्धांत उभं राहून बोलतात, बाईंनी तेच शिकवलेलं. पण या गावात बसलेल्या मुखियापुढे उभं राहणं म्हणजे त्याचा अपमान.

"वर बघून मान दुखते माझी, पोरी," तुआला म्हणाला.

लुपे मटकन खाली बसली. "चुकले, आजोबा. तुमचं म्हणणं असं, की एकाला सोडलं तर उद्या जो तो दवाखान्याचं नाव सांगेल आणि गाव एकत्र प्रार्थना करायचं विसरेल. होय ना?"

"होय."

"पण माझ्या आईला दम लागला तेव्हा प्रार्थनेच्या वेळी रस्ता राखणाऱ्या पोरांनी आम्हाला अडवलं. ती रस्त्यातच तडफडत बसली. देवानं हे मागितलं होतं का?"

तुआलानं लुपेकडे पाहिलंसुद्धा नाही. "फुआतिनो, शिकवण तुझी. तुला काय वाटतं?"

'लहान आहे, कळत नाही तिला,' एवढं म्हटलं की सुटका होती. लुपे त्यांच्याकडेच बघत होती.

"दादा, पोरीचं बरोबर आहे."

"उद्या सभेत सगळ्यांसमोर हेच म्हणशील?"

"म्हणेन."

"मग सामान बांधूनच ये," म्हणून तो निघून गेला.

बाई घरी आल्या, मागोमाग लुपेही. उद्या सभेला न्यायच्या चटया बाईंनी गुंडाळल्या; दोरीची गाठ लुपेनं मारली.